घरगुती राउटरची सुरक्षितता आणि 'पासवर्ड' हा शब्द : एक ऐतिहासिक टिपण

नगर–मनमाड रस्त्यावरील राहाता हे गाव शिर्डीच्या सान्निध्यामुळे आणि पेरूच्या बागांमुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पूर्वी कोपरगाव तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठाणे असून, ज्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर हे अधिकृत नाव प्राप्त झाले त्या जिल्ह्याच्या उत्तर भागात ते वसले आहे. अशा तालुक्याच्या गावी आज घरात, दुकानात, पतसंस्थेत आणि यात्रेकरूंच्या लॉजमध्ये भिंतीवर टांगलेली, बारीक दिवे लुकलुकणारी एक लहानशी पेटी आढळते. इंटरनेटची सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस ती बसवून जातो, आणि पुढे ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. ह्या पेटीला कोणी 'मोडेम' म्हणतात, कोणी 'राउटर' म्हणतात. परंतु बहुसंख्य लोक तिला नुसते 'वायफाय' म्हणतात. 'वायफाय बंद पडले', 'वायफायचा पासवर्ड सांगा', 'वायफायवाल्याला फोन लावा' ही वाक्ये आता मराठीची वाक्ये झाली आहेत आणि त्यांत वावगे असे काही नाही. तथापि ह्या एकाच नावाखाली जी कामे झाकली जातात ती एक नसून तीन आहेत, आणि ह्या पेटीच्या सुरक्षिततेविषयी गेल्या वीस वर्षांत जे घोटाळे झाले त्यांपैकी पुष्कळांचे मूळ ह्या झाकलेपणात आहे, असे दिसून येते.

ती तीन कामे अशी. बाहेरून तांब्याच्या वा काचतंतूच्या तारेतून येणारा संदेश घरातील संगणकाला उमगेल अशा रूपात आणणे, हे पहिले. घरातील अनेक यंत्रांमध्ये त्याची वाटणी करणे आणि बाहेरचा न बोलावलेला संदेश उंबरठ्यावरच अडविणे, हे दुसरे. आणि हे सर्व तारेवाचून, रेडिओलहरींच्या द्वारे घरभर पसरविणे, हे तिसरे. 'वायफाय' हे नाव खरे पाहता फक्त ह्या तिसऱ्या कामाचे आहे.

कामे तीन, तशी ह्या पेटीला कुलुपेही तीन आहेत. रेडिओलहरींत शिरण्यासाठी जो शब्द लागतो तो पाहुण्यालाही सांगितला जातो. हे पहिले कुलूप. पेटीच्या अंतर्गत मांडणीत फेरफार करण्यासाठी दुसरा, वेगळा शब्द लागतो. तो घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसतो. तिसरे कुलूप सेवा देणाऱ्या कंपनीचे. आपल्या कार्यालयातून ग्राहकाच्या पेटीत शिरून ती दुरुस्त करता यावी म्हणून कंपनी एक दार राखून ठेवते, आणि ते दार कसे उघडते व कोणाला उघडते हे ग्राहकाला सांगण्याची प्रथा नाही. मराठीत पहिल्या कुलुपाच्या किल्लीला 'पासवर्ड' म्हणतात, दुसऱ्याच्या किल्लीलाही 'पासवर्ड'च म्हणतात, आणि तिसऱ्यासाठी ग्राहकाच्या भाषेत शब्दच नाही.

'पासवर्ड'ला मराठीने 'परवलीचा शब्द' असा पर्याय फार पूर्वीपासून दिलेला आहे. हा शब्द छावणीतील पहाऱ्याच्या व्यवहारातला आहे. पहारेकऱ्याने हटकले असता जो योग्य शब्द उच्चारील तो आपला, न उच्चारील तो परका. अशा शब्दाचे दोन धर्म आहेत. तो आपल्या सर्व माणसांना ठाऊक असतो, आणि शत्रूच्या कानी जाण्याची शक्यता असल्यामुळे तो वरचेवर बदलला जातो. वायफायमध्ये शिरण्याचा शब्द हा ह्या अर्थाने नेमका परवलीचा शब्द होय. उलट पेटीची मांडणी बदलण्याचा अधिकार देणारा शब्द हा सर्वांचा नसून एकट्या कारभाऱ्याचा असतो. त्याला परवलीचा शब्द म्हणण्यापेक्षा कारभाऱ्याच्या कमरेची किल्ली म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. शासकीय परिभाषेत 'संकेतशब्द' असा पर्याय रूढ झाला आहे. परंतु त्यानेही हा भेद व्यक्त होत नाही. येथे आणखी एका अर्थांतराकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. आधुनिक मराठी गद्यात, विशेषतः वृत्तपत्रांत, 'परवलीचा शब्द' म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द, असा अर्थ रूढ झाला आहे. गुप्त राखावयाचा शब्द सर्वतोमुखी झाला, म्हणजे मूळ अर्थाच्या अगदी विरुद्ध टोकाला गेला. ज्या यंत्राची चर्चा येथे करावयाची आहे त्याच्या इतिहासात हेच अर्थांतर अक्षरशः घडून आले.

परंतु त्याआधी, घरात बसविलेले सेवादात्याचे यंत्र ही कल्पना आपल्याकडे कोठून आली हे पाहणे अगत्याचे आहे. १८८५ च्या तारायंत्र कायद्याच्या छत्राखाली जो दूरध्वनी घरोघर आला, त्यातील यंत्र दीर्घकाळपर्यंत सरकारी खात्याचे असे. ग्राहक भाडे भरी. यंत्र बिघडले की लाइनमन येई, उघडून पाही, दुरुस्त करी किंवा बदली. यंत्रात दोष निघाल्यास तो ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे असे कोणी म्हणत नसे. विजेच्या मीटरचीही हीच गोष्ट. मीटरवरील शिक्का मोडू नये एवढेच ग्राहकाचे कर्तव्य. मीटरच्या अंतरंगाची जबाबदारी वीज देणाऱ्याची. खात्याच्या कारभारात विलंब होता, प्रतीक्षायादी होती, उर्मटपणाही होता. पण यंत्र कोणाचे आणि दोष कोणाचा ह्याविषयी संदिग्धता नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या काळी ग्राहक स्वतः मोडेम विकत घेई, दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवी आणि काम होताच जोडणी तोडी. मिनिटागणिक आकार पडत असल्यामुळे ही जोडणी अल्पकाळच टिके. सुरक्षिततेच्या दृष्टीने ह्या काटकसरीचा एक अनपेक्षित लाभ होता: घराचे दार बहुतेक वेळ अस्तित्वातच नसे. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमाने 'डेटावन' व मुंबई–दिल्लीपुरत्या मर्यादित असलेल्या महानगर टेलिफोन निगमाने 'ट्रायबँड' ह्या नावाने अखंड जोडणी देण्यास प्रारंभ केला. राहात्यासारखी महाराष्ट्रातील गावे अर्थातच भारत संचार निगमाच्या क्षेत्रात येत होती. आता तार दिवसरात्र जिवंत राहू लागली. तिच्या टोकाला बसविलेली पेटी निगमाकडून भाड्याने घेता येई, तशीच विकतही घेता येई. विकत घेतलेली पेटी ग्राहकाची. पण तिची निवड निगमाची, तिच्यातील मांडणी निगमाच्या माणसाने केलेली, आणि तिच्यातील आज्ञावली परदेशी वा देशी कारखानदाराची. दूरध्वनीच्या काळातील स्पष्ट रेघ येथे प्रथमच पुसट झाली.

त्याच महिन्यात, जानेवारी २००५ मध्ये, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीची रेडिओयंत्रे परवान्यावाचून वापरण्यास सरकारने मुभा दिली. वायफाय घरात येण्याचा कायदेशीर मार्ग त्यामुळे मोकळा झाला. ह्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या शेजाऱ्याच्या घरात, जिन्यात, रस्त्यावर जातात. म्हणून त्यांना कुलूप घालण्याची योजना १९९७ च्या मूळ मानकातच 'वेप' ह्या नावाने केलेली होती. फ्लुरर, मँटिन आणि शमीर ह्या तीन संशोधकांनी २००१ मध्ये ह्या योजनेतील गणिती दोष दाखवून दिला. तिच्या जागी २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' आणि २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' ही अधिक भक्कम कुलुपे आली. म्हणजे भारतात घरगुती वायफायचा प्रसार होऊ लागला तेव्हा जुने कुलूप कुचकामी ठरून चार वर्षे लोटली होती आणि नवे उपलब्ध होते. तथापि त्यानंतरही काही वर्षे पुष्कळ घरांत जुनेच कुलूप चालू राहिले, आणि अनेक घरांत कोणतेच नव्हते.

ह्याचा परिणाम काय होतो हे महाराष्ट्राला २००८ मध्ये दिसले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचे ई-पत्र आले होते. त्या पत्राच्या अंकीय पत्त्याचा माग काढीत तपासयंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोचली. तेथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचे संगणक ताब्यात घेण्यात आले, त्याची चौकशी झाली, देशोदेशीच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव झळकले. अखेरीस त्याच्या वायफायचा बाहेरच्या कोणी वापर केला असावा ह्या निष्कर्षावर तपास स्थिरावला. पुढचे ई-पत्र २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेले. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचे पत्र चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणे मुंबई आणि नवी मुंबईतील, आणि तिन्ही ठिकाणचे मालक ह्या कटाविषयी अनभिज्ञ.

ह्या प्रकरणाने एक गोष्ट सर्वसामान्यांच्या प्रथमच ध्यानी आली. इंटरनेटवर जो अंकीय पत्ता उमटतो तो माणसाचा नसतो, घरातील पेटीचा असतो. पेटीमागे कोण बसले होते, घरचा मुलगा की जिन्यात उभा असलेला परका, हे तो पत्ता सांगू शकत नाही. परंतु पोलीस दारावर येतात ते त्या पत्त्याच्या धन्याच्या. निरपराध माणसाने आपले निरपराधित्व आपल्याच पेटीच्या नोंदींतून शाबीत करावे, आणि त्या नोंदी ठेवण्याची सोय त्या पेटीत नसावी, अशी ही विलक्षण अवस्था होती.

शासनाची प्रतिक्रिया दोन अंगांनी झाली. २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी उघड्या वायफायचा शोध घेत शहरातून फिरण्याचे आणि तेव्हा अमलात असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ व्या कलमाखाली मालकांना नोटिसा देण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने सेवादात्यांना आदेश दिला. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख छायाचित्रासह घ्यावी किंवा मोबाइलवर पाठविलेल्या संदेशाद्वारे पटवावी, आणि घरगुती जोडण्याही सेवादात्याच्या ओळखतपासणीखाली आणाव्यात, असा त्याचा रोख होता. शिर्डी–राहाता परिसरातील लॉजधारकांच्या दृष्टीने ह्या आदेशाचे महत्त्व उघड आहे, कारण रोज बदलणाऱ्या यात्रेकरूंना एकच शब्द सांगणे हाच त्यांचा व्यवहार असतो. स्वागतकक्षातील भिंतीवर कागद चिकटवून त्यावर लिहिलेला शब्द हा परवलीचा शब्द खरा, पण आधुनिक अर्थाने.

आदेशाचे प्रयोजन समजण्याजोगे होते आणि त्याने काही उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याने एक समजही दृढ केली: पेटीची सुरक्षितता म्हणजे वायफायला पासवर्ड घालणे, आणि ते घालणे हे घरमालकाचे काम. तीन कुलुपांपैकी पहिल्याकडेच सर्वांची दृष्टी गेली. उरलेली दोन कुलुपे कोणत्या अवस्थेत आहेत, ह्याची चौकशी करण्याचे त्या वेळी कोणाला सुचले नाही.

दुसऱ्या कुलुपाची अवस्था अशी होती. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक पेटीला मांडणीसाठी एक नाव आणि एक शब्द घालून दिलेला असे. अनेक पेट्यांमध्ये नावही 'अ‍ॅडमिन' आणि शब्दही 'अ‍ॅडमिन'. 'अ‍ॅडमिन' म्हणजे प्रशासक. गावच्या भाषेत कारभारी. कारभाऱ्याने दारावर यावे, 'तू कोण?' असे विचारल्यावर 'कारभारी' म्हणावे, 'खूण काय?' असे विचारल्यावर पुन्हा 'कारभारी' म्हणावे, आणि पहारेकऱ्याने दार उघडावे, असा हा प्रकार होता. बसविणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय होती. दिवसात अनेक घरे करावयाची, प्रत्येक घरी नवा शब्द ठरवावयाचा आणि तो ग्राहक विसरला की पुन्हा फेरी मारावयाची, ह्यापेक्षा सर्वत्र एकच शब्द राहिलेला बरा. त्यातही मांडणीचे पान इंग्रजीत, माहितीपुस्तिका सहसा इंग्रजीत, आणि 'पासवर्ड बदला' असे कोणी सांगितलेच तर ग्राहक वायफायचा पासवर्ड बदलून निश्चिंत होई. त्याने शब्दशः आज्ञा पाळलेली असे. दोन कुलुपांना एक शब्द असल्याचा हा परिणाम आहे.

तिसऱ्या कुलुपाचा इतिहास २००४ पासून सुरू होतो. त्या वर्षी ब्रॉडबँड-उद्योगाच्या संघटनेने 'टीआर-०६९' ह्या नावाची संहिता प्रसिद्ध केली. सेवादात्याला आपल्या मध्यवर्ती संगणकावरून लक्षावधी घरांतील पेट्यांची मांडणी करता यावी, त्यांतील आज्ञावली अद्ययावत करता यावी, हा तिचा उद्देश. खेडोपाडी विखुरलेल्या ग्राहकांकडे प्रत्येक वेळी लाइनमन धाडणे परवडणारे नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या योजनेची आवश्यकता पटते. तिच्यासाठी पेटीवर ७५४७ क्रमांकाचे एक दार राखून ठेवण्यात आले. ह्या दाराने फक्त सेवादात्याच्या हाकेला ओ द्यावी अशी अपेक्षा. पण तशी अट जाळ्याच्या बाजूने घालावी लागते. ती घातली नाही तर ते दार जगातील कोणाच्याही हाकेला ओ देते. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट ह्या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की, १८९ देशांतील किमान १ कोटी २० लाख पेट्यांमध्ये एकाच जुन्या आज्ञावलीतील एकच दोष आहे आणि त्या आधारे परक्याला पेटीचा ताबा घेता येतो. कारखानदार वेगळे, नावे वेगळी, सेवादाते वेगळे. आतील लहानशी आज्ञावली मात्र एकच.

२०१६ च्या उत्तरार्धात 'मिराई' नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. तिच्यात कोणतीही अलौकिक बुद्धिमत्ता नव्हती. कारखान्यात घातलेल्या नावा-शब्दांच्या साठाहून थोड्या अधिक जोड्या एका यादीत लिहिलेल्या होत्या. दारोदार जाऊन त्या म्हणून पाहावयाच्या आणि दार उघडले की त्या यंत्राला आपल्या सैन्यात भरती करावयाचे, एवढेच तिचे तंत्र. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच सैन्याने डिन ह्या अमेरिकन कंपनीवर हल्ला चढवून अनेक विख्यात संकेतस्थळे काही तास बंद पाडली. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत 'डॉइश टेलिकॉम'च्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या पेट्या कोलमडल्या. मिराईच्या एका नव्या रूपाने ७५४७ क्रमांकाच्या दारावर धडका मारल्या होत्या. त्या पेट्या ताब्यात आल्या नाहीत, पण माऱ्याने बंद पडल्या. जर्मन कंपनीने त्वरेने नवी आज्ञावली पाठविली. आठ महिन्यांनंतर भारतात जे घडले त्याची ही पूर्वसूचना होती आणि ती सर्वांना वाचता येण्याजोगी होती.

जुलै २०१७ च्या अखेरीस भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम ह्या दोन्ही सरकारी कंपन्यांच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या पेट्या मोठ्या संख्येने निकामी झाल्या. त्या वेळच्या वृत्तांत सुमारे ६०,००० मोडेमचा आकडा दिलेला आहे. 'ब्रिकरबॉट' ह्या आज्ञावलीच्या अज्ञात कर्त्याने ह्या कृत्याची जबाबदारी स्वीकारली. ही आज्ञावली रॅडवेअर ह्या कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये प्रथम नोंदविली होती. मिराईप्रमाणे ती यंत्रे पळवीत नसे; ती यंत्रांच्या स्मृतीत कचरा भरून त्यांची निव्वळ वीट करून टाकी, आणि म्हणूनच तिला हे नाव पडले. असुरक्षित यंत्रे चोरांच्या हाती पडण्यापूर्वी ती नष्ट करणे हे जगावर उपकार करण्यासारखे आहे, असा तिच्या कर्त्याचा दावा होता. शेजाऱ्याच्या दाराला कडी नाही म्हणून त्याचे घरच पाडून टाकावे, अशा धर्तीचे हे तत्त्वज्ञान आहे, आणि त्याचा निषेध करण्यास फारसा युक्तिवाद लागत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ह्या इसमाने एक कोटीहून अधिक यंत्रे निकामी केल्याचा दावा करून निवृत्ती जाहीर केली.

परंतु कर्त्याचा निषेध केल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. निगमाच्या ग्राहकांकडील ज्या पेट्या बळी पडल्या त्यांत कारखान्यातील 'अ‍ॅडमिन' हाच शब्द कायम होता, आणि दूरस्थ व्यवस्थापनाचे ७५४७ क्रमांकाचे दार निगमांच्या जाळ्यात बाहेरच्या जगासाठी उघडे होते, असे तेव्हाच्या विश्लेषणात दाखवून देण्यात आले. म्हणजे दुसरे कुलूप नावापुरते आणि तिसरे उघडे. पहिले कुलूप, ज्याची २००८ पासून एवढी चर्चा झाली, ते कितीही भक्कम असले तरी येथे त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. निगमाने ग्राहकांना सल्ला दिला: मोडेम पुन्हा मूळ स्थितीत आणा आणि पासवर्ड बदला. आपले मुख्य जाळे सुरक्षित असल्याचेही निगमाने सांगितले.

ह्या सल्ल्याची मीमांसा करणे आवश्यक आहे. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. कोणता पासवर्ड बदलावयाचा हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो समजण्याजोगा होता. शिवाय काही पेट्यांच्या बाबतीत तो पाळूनही भागण्यासारखे नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये यूटीस्टारकॉमच्या 'डब्ल्यूए ३००२ जी ४' ह्या ब्रॉडबँड मोडेममधील एक दोष जाहीर झाला. मांडणीच्या पानाच्या पत्त्याचे शेवटचे अक्षरसमूह बदलून तेच पान मागितले की पेटी शब्द विचारीतच नसे, आणि त्या पानाच्या मजकुरात किल्ल्या उघड्या अक्षरांत लिहिलेल्या असत. कुलूप कितीही वेळा बदलले तरी शेजारी खिडकी उघडीच. असा दोष दूर करावयाचा तर नवी आज्ञावली घालावी लागते. आणि ती घालणे कारखानदार व सेवादाता ह्यांच्याच हातचे आहे. दूरध्वनीच्या काळी असे घडले असते तर खात्याने यंत्रे परत नेली असती. येथे मात्र दोष यंत्राचा आणि प्रायश्चित्त ग्राहकाचे, असा न्याय लागू झाला. २००८ मध्ये ग्राहकावर टाकलेली जबाबदारी काही अंशी योग्य होती, कारण ते कुलूप त्याच्या हातचे होते. २०१७ मध्ये तीच जबाबदारी तशीच त्याच्यावर टाकण्यात आली, जरी ह्या वेळी कुलूप त्याच्या हातचे नव्हते. एकाच शब्दामुळे दोन वेगळ्या घटनांना एकच उपाय सुचविला गेला.

ह्यानंतरच्या काळात तांब्याच्या तारेची जागा काचतंतूने घेतली. २०१९ मध्ये जिओची घरगुती काचतंतुसेवा सुरू झाली. भारत संचार निगमानेही आपली सेवा त्याच दिशेने वळविली. आणि तालुक्याच्या गावांत पूर्वी दूरचित्रवाणीची केबल ओढणारे व्यावसायिक आता इंटरनेटची जोडणी देऊ लागले. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल सुखाचा ठरला. वेग वाढला, आणि तक्रार करावयाची ती ओळखीच्या माणसाकडे. कुलुपांच्या दृष्टीने मात्र चित्र संमिश्र आहे. नव्या पेट्यांवर वायफायचा शब्द प्रत्येकीचा वेगळा छापलेला असतो, ही निःसंशय सुधारणा होय. परंतु बसविणारा माणूस सोयीसाठी तो काढून ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच शब्द म्हणून घालतो, अशी चाल सर्रास दिसते. दुसऱ्या कुलुपाचे दोन भाग झाले आहेत: ग्राहकाला एक मर्यादित किल्ली आणि सेवादात्याकडे एक श्रेष्ठ किल्ली. ही श्रेष्ठ किल्ली ग्राहकाला दिली जात नाही. कारभारी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आता निश्चित झाले आहे, मात्र ते उत्तर सेवेच्या पावतीवर कोठे लिहिलेले नसते.

यंत्रांतील दोषही संपलेले नाहीत. भारताच्या संगणक आपत्काळ प्रतिसाद पथकाने, म्हणजे 'सर्ट-इन'ने, जानेवारी २०२४ मध्ये हॅथवेच्या ग्राहकांकडील स्कायवर्थ सीएम-५१०० ह्या राउटरमधील अनेक दोषांविषयी सूचना काढली, आणि जुलै २०२४ मध्ये सायरोटेकच्या एका काचतंतू-राउटरविषयी. दुसऱ्या सूचनेतील काही दोष असे की, यंत्र हाती घेऊन उघडणाऱ्याला आतील शब्द साध्या अक्षरांत सापडावेत. घरातील पेटी दुरुस्तीला नेताना, ग्राहक बदलताना वा जुनी पेटी नव्या घरी बसविताना हा दोष किती दूर जाऊ शकतो, हे सहज कळण्यासारखे आहे. सूचना इंग्रजीत असतात. त्या वाचून आपल्या भिंतीवरील पेटीचा क्रमांक ताडून पाहील असा वाचक राहात्यात एखादा असेलही, पण त्याच्या भरवशावर गावाची व्यवस्था उभी करता येत नाही.

अन्य देशांनी ह्या बाबतीत कायद्याचा मार्ग धरला. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच ठरावीक शब्द घालून ती विकण्यास मनाई आहे. ब्रिटिश कायद्यानुसार यंत्राला सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती काळ मिळतील हेही कारखानदाराला सांगावे लागते. भारतात २०१७ मध्ये तारायंत्र नियमांत दुरुस्ती होऊन दूरसंचार-यंत्रांची सक्तीची तपासणी आली व २०१९ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. बंगळूर येथील राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने घरगुती वायफाय-यंत्रांसाठी सुरक्षेच्या आवश्यकता प्रसिद्ध केल्या. जून २०२१ पासून सेवादात्यांनी आपली यंत्रसामग्री विश्वसनीय ठरविलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावी असा निर्देश अमलात आला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियम आले. १८८५ चा कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तेव्हा दूरध्वनीच्या काळातील ती स्पष्ट रेघ पुन्हा ओढण्याची संधी होती. नव्या व्यवस्थेत जबाबदारी हळूहळू सेवादात्याकडे व कारखानदाराकडे सरकते आहे, हे खरे. पण ती सरकण्याची भाषा अद्याप ग्राहकापर्यंत आलेली नाही. दूरस्थ व्यवस्थापनाच्या दाराला 'सेवादात्याचे दार' आणि मांडणीच्या शब्दाला 'कारभाराची किल्ली' अशी दोन साधी नावे जोडणीच्या अर्जावर छापली, आणि कोणती कोणाच्या ताब्यात आहे हे त्यापुढे लिहिले, तरी पुष्कळ उलगडा होईल. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी हे काम अवघड मानण्याचे कारण नाही.

सक्तीची तपासणी ही यंत्राच्या आयातीच्या वा विक्रीच्या वेळची आहे. त्यापूर्वी घरात आलेल्या पेट्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. वेगासाठी काचतंतूची जोडणी घेतलेल्या घरांत जुना मोडेम माळ्यावर जातो. पण जेथे तांब्याची तार अजून चालू आहे तेथे २०१७ पूर्वीच्या पेट्याही, आतील आज्ञावली न बदलता, त्याच खिळ्यावर टांगलेल्या आहेत.